राज्यांचे हक्क आणि सुप्याचे रोखे

अमेरिकेतली 1861 ते 1865 ची यादवी गुलामगिरीवरून झालीच नाही, असे छातीठोकपणे सांगणारे लोक आता आपल्याकडेही भेटू लागले आहेत. माळेगाव बुद्रुकच्या अभ्यासिकेत भेटतात, बारामतीच्या व्याख्यानांत भेटतात, इंदापूरच्या एसटीत शेजारी बसलेला पदवीधरही कधी कधी तेच ऐकवतो. मांडणी ठरलेली असते. भांडण जकातीचे होते. दक्षिणेच्या राज्यांना आपला कारभार आपण करायचा होता, उत्तरेने तो करू दिला नाही. लिंकनने युद्ध सुरू केले ते काही गुलाम सोडवायला नव्हे. दक्षिणेकडून लढलेल्या बहुतेकांच्या घरी एकही गुलाम नव्हता. गुलामगिरीचे कारण जिंकलेल्यांनी मागाहून चिकटवले. आणि शेवटी खांदे उडवून विचारायचे, ते काही का असेना, आपला त्याच्याशी काय संबंध?

या मांडणीतली दोन विधाने खरी आहेत, आणि त्यांच्याच आधाराने बाकीची खपतात. लिंकनविषयीचे आणि सैनिकांविषयीचे विधान मी अमान्य करणार नाही. त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र साफ चूक आहे.

हे म्हणणे आपल्या भागात इतक्या सहज का पचते, तेही आधी बोलून टाकू. राज्य विरुद्ध केंद्र म्हटले की आपले माप आधीच राज्याच्या पारड्यात पडलेले असते. उसाची एफआरपी दिल्लीत ठरते, साखरेच्या निर्यातीला दार उघडायचे की लावायचे तेही दिल्लीत ठरते, आणि त्याचा चटका नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला बसतो. संयुक्त महाराष्ट्र आपण भांडून मिळवला, माणसे गमावून मिळवला. तेव्हा दूरच्या कुठल्या राज्याने केंद्राविरुद्ध दंड थोपटले असे कानावर आले की आपण न विचारताच त्याच्या बाजूने उभे राहतो. विचारायला हवे ते एवढेच, की त्या राज्यांना हक्क हवा होता तो कशाचा?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण फुटून निघणाऱ्यांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. साउथ कॅरोलायना 20 डिसेंबर 1860 रोजी बाहेर पडले आणि चार दिवसांनी त्याने बाहेर पडण्याची कारणे जाहीर केली. उत्तरेकडची राज्ये आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत, गुलामगिरीला पाप म्हणतात, आणि गुलामगिरीविरोधी माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आणतात, हा त्या कागदाचा गाभा. मिसिसिपीने 9 जानेवारी 1861 ला फारकत घेतली; त्याच्या निवेदनात सुरुवातीलाच कबुली आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. टेक्सासने तर गोऱ्यांचे श्रेष्ठत्व आणि काळ्यांची गुलामी ही ईश्वरी योजना असल्याचे ठरावासोबत नोंदवले. 21 मार्च 1861 रोजी नव्या संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हाना शहरात बोलले. आमच्या राज्याची कोनशिला म्हणजे निग्रो हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य, असा त्या भाषणाचा आशय होता. हे सारे कागद उपलब्ध आहेत. ते जिंकलेल्यांनी लिहिलेले नाहीत, आणि तेव्हा कोणी हरलेलेही नव्हते.

युद्ध हरल्यावर मात्र याच स्टीफन्स साहेबांनी दोन जाडजूड खंड लिहून वाद राज्यघटनेच्या अर्थाचा होता असे मांडले. जेफर्सन डेव्हिस यांचा ग्रंथ 1881 साली आला, तोही त्याच वाटेने. मागाहून कारण चिकटवले गेले हा आक्षेप म्हणूनच बरोबर आहे, फक्त तो भलत्याच माणसांवर घेतला जातो. चिकटवणारे हरलेले होते.

आता राज्यांच्या हक्कांकडे वळतो. खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. 1850 साली दक्षिणेच्या आग्रहाने फरारी गुलामांचा कायदा झाला. हा कायदा केंद्राचा. पळून आलेला गुलाम मॅसॅच्युसेट्समध्ये सापडला तर त्याला ज्यूरीपुढे खटला मागता येत नव्हता, स्वतःच्या बाजूने साक्षही देता येत नव्हती. निवाडा करणाऱ्या केंद्राच्या कमिशनरने माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याला दहा डॉलर मिळत आणि मोकळा सोडला तर पाच. रस्त्याने जाणाऱ्या साध्या नागरिकालाही पकडायला मदत कर म्हणून हुकूम देता येत असे. 1854 साली अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला बोस्टनच्या रस्त्यांवरून बंदरावर नेले तेव्हा दुतर्फा केंद्राच्या बंदुका उभ्या होत्या. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये लोकांनी तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर याला सोडवले आणि तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्याच्या हक्काचे याहून चोख उदाहरण कुठे मिळणार? पण दक्षिणेने विस्कॉन्सिनची पाठ थोपटली नाही. 1859 मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनला गप्प बसवले तेव्हा दक्षिणेला आनंदच झाला, आणि साउथ कॅरोलायनाच्या निवेदनात ज्या राज्यांची नावे घेऊन तक्रार आहे त्यांत विस्कॉन्सिनही आहे. तक्रार अशी की या राज्यांनी आपापले कायदे करून केंद्राचा कायदा निष्प्रभ केला. न्यूयॉर्क तर आमच्या माणसाला गुलाम बरोबर घेऊन जाऊसुद्धा देत नाही, असेही तिथे रडगाणे आहे. म्हणजे राज्ये स्वतःचा कारभार स्वतः करू लागली, हाच दक्षिणेचा राग होता.

पुढेही हेच. मार्च 1857 मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टेनी यांनी ठरवले की आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसलाही नाही. दक्षिणेचे एवढ्यावरही भागले नाही. एप्रिल 1860 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन चार्ल्स्टन शहरात भरले. उत्तरेतल्या डेमोक्रॅट्सचे पुढारी स्टीफन डग्लस यांचे मत असे की प्रत्येक प्रदेशातल्या लोकांनी ठरवावे, गुलामगिरी हवी की नको. स्थानिक स्वायत्ततेचे पुरस्कर्ते म्हणवणाऱ्यांना याहून गोड काय वाटायला हवे होते? पण दक्षिणेच्या प्रतिनिधींनी मागणी केली की नव्या प्रदेशांत गुलामांच्या मालकीला केंद्राने कायद्याने संरक्षण द्यावे, तिथल्या लोकांना काहीही वाटो. ती मान्य झाली नाही तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले. पक्ष दुभंगला, उत्तरेचे डग्लस आणि दक्षिणेचे ब्रेकिनरिज असे त्याचे दोन उमेदवार उभे राहिले, आणि जेमतेम चाळीस टक्के मते मिळवणारे लिंकन निवडून आले. देश फुटण्याच्या आठ महिने आधी पक्ष फुटला, तो राज्यांचे हक्क नाकारले म्हणून नव्हे. केंद्राचा दंडुका गुलामांच्या मालकांच्या हाती दिला नाही म्हणून.

फुटून निघालेल्यांनी स्वतःची राज्यघटना केली तीही पाहा. बहुतेक जुनीच, थोडे बदल. गुलामांच्या मालकीला बाधा आणणारा कायदा करायला नव्या काँग्रेसला बंदी. नव्याने मिळणाऱ्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण बंधनकारक. संघातल्या कुठल्याही राज्याच्या नागरिकाला आपले गुलाम घेऊन दुसऱ्या कुठल्याही राज्यात जाण्या-राहण्याचा हक्क. उद्या एखाद्या राज्याला वाटले असते की आपल्या हद्दीत गुलाम आणू देऊ नयेत, तर त्याचे हात या घटनेनेच बांधले होते. आणि ज्या हक्कासाठी एवढा अट्टहास केला असे सांगतात, तो फुटून निघण्याचा हक्क या घटनेत स्पष्ट शब्दांत कुठेही लिहिलेला नाही. माणूस घर बांधताना काय विसरतो आणि काय पक्के करतो, यावरून त्याची खरी काळजी कळते.

जकातीचे फार वेळ करण्यासारखे काही नाही. 1832 मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीवरून बंडाची भाषा केली होती, हे खरे. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी डोळे वटारले, दर थोडे उतरले, प्रकरण मिटले. त्या वेळी दुसरे एकही राज्य सोबत उभे राहिले नाही. एकट्या जकातीच्या बळावर दुसरा भिडू मिळत नव्हता. 1861 च्या सहा आठवड्यांत सहा मिळाले. 1857 च्या कायद्याने तर दर कित्येक दशकांतल्या नीचांकाला आले होते, आणि त्याला दक्षिणेचा पाठिंबा होता. ज्या मॉरिल जकातीचे नाव घेतले जाते तिच्यावर मार्च 1861 मध्ये सही झाली, तोवर सात राज्ये बाहेर पडलेली होती. त्यांचे सिनेटर जागा सोडून गेले नसते तर ते विधेयक सिनेटमध्ये अडकण्याचीच शक्यता जास्त. जॉर्जियाच्या निवेदनात संरक्षक जकातींचा विषय येतो, हे प्रतिपक्षाने दाखवून द्यावे, माझी हरकत नाही. पण पुढची ओळही वाचावी. तो वाद 1846 च्या कायद्याने आमच्या बाजूने मिटला, असे जॉर्जियाच सांगते. मिटलेल्या वादावर कोणी पंधरा वर्षांनी घर सोडत नाही.

आता लिंकन. त्यांनी 1861 च्या मार्चमध्ये शपथ घेतानाच सांगितले की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावण्याचा माझा इरादा नाही. त्या राज्यांतली गुलामगिरी घटनेत कायमची पक्की करणारी दुरुस्ती काँग्रेसने मंजूर केली होती, तिलाही त्यांनी आक्षेप घेतला नाही. ऑगस्ट 1862 मध्ये संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या पत्रात, माझे उद्दिष्ट संघराज्य वाचवणे आहे, गुलामगिरी वाचवणे किंवा मोडणे नव्हे, असे ते स्पष्ट म्हणतात. हे सगळे खरे आहे. फक्त त्या पत्राच्या वेळी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होता, एवढी भर घालावी लागते.

पण यावरून सिद्ध काय होते? उत्तर सुरुवातीला कशासाठी लढली, हे. दक्षिण कशासाठी फुटली, हा प्रश्न निराळा आहे आणि लिंकनच्या मनात काय होते हे सांगून त्याचे उत्तर मिळत नाही. अभ्यासिकेतल्या वादात हे दोन प्रश्न हटकून एकमेकांत मिसळले जातात. फूट नसती तर युद्ध नसते, आणि फुटीचे कारण फुटणाऱ्यांनाच विचारायचे असते.

यावर चलाख प्रतिपक्ष म्हणतो, गुलामगिरी घटनेने पक्की करून मिळत होती तरी ते गेले, म्हणजे कारण ती नव्हतीच. इथे मळ्यांचे अर्थकारण माहीत हवे. 1790 मध्ये अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, 1860 मध्ये चाळीस लाखांच्या घरात. सरकी काढण्याचे यंत्र 1793 मध्ये आले आणि कापसाने सगळे गणित बदलले. 1860 च्या सुमारास देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक पैसा कापसाचा होता. गुलाम ही नुसती मजुरी नव्हती. ती गहाण पडणारी, वारसाने जाणारी, लिलावात विकली जाणारी मत्ता होती आणि देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखाने मिळून जी किंमत व्हायची तिच्याहून या माणसांची बाजारातली किंमत जास्त होती. कापूस जमीन खाऊन टाकतो, मळेवाला पश्चिमेला सरकतो, जुन्या राज्यांतले मालक नव्या राज्यांना माणसे विकतात. हे चालायचे तर नवी जमीन खुली हवी आणि सिनेटमध्ये नवी मते हवीत. 1820 मध्ये मिसूरीवरून, 1850 मध्ये कॅलिफोर्नियावरून, 1854 मध्ये कॅन्सस-नेब्रास्कावरून भांडण झाले ते दर वेळी याच कारणाने. कॅन्ससमध्ये माणसे मारली गेली. 1856 च्या मे महिन्यात सिनेटर चार्ल्स समनर यांना सभागृहातच दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले, आणि त्या प्रतिनिधीला दक्षिणेतून नव्या काठ्या भेट आल्या. लिंकनच्या पक्षाची मागणी होती फक्त विस्तार थांबवण्याची. आहे तेवढे ठेवा, वाढवू नका. जो धंदा वाढण्यावरच उभा आहे त्याच्या मालकाला हे वाक्य फाशीच्या हुकमासारखे ऐकू येते.

राहिले गरीब सैनिक. दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांकडे गुलाम होते, तीन चतुर्थांशांकडे नव्हते. मग ते का लढले? कोणी गावासाठी, कोणी सक्तीने, कोणी शेजारचा गेला म्हणून. सैनिक का लढतो आणि युद्ध का होते, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. शिवाय उतरंडीत आपल्याखाली कोणीतरी आहे हा दिलासा दरिद्री माणसाला किती मोलाचा वाटतो, हे निदान आपल्याला समजावून सांगायला नको. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राऊन यांनी डिसेंबर 1860 मध्ये गरीब गोऱ्यांना हीच भीती घातली होती: गुलाम सुटले तर ते तुमच्या बरोबरीला येतील. आणि 1862 मध्ये दक्षिणेच्या काँग्रेसने ठरवले की वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्याला सैन्यातून सूट. तेव्हा खंदकात बसलेल्या बिनगुलामी सैनिकांनाच कळले की युद्ध कोणाचे आहे. त्यांची कुरकुर नोंदलेली आहे.

नकाशा तर याहून बोलका आहे. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. हीच दोन सर्वांआधी गेली. मध्यम प्रमाण असलेली व्हर्जिनिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, आर्कान्सा ही राज्ये एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायनातल्या केंद्राच्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्या जाईपर्यंत थबकली. गुलामांचे प्रमाण सर्वांत कमी असलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसूरी ही राज्ये संघातच राहिली. आणि व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग, जिथे मळे नव्हते, तो व्हर्जिनियापासूनच तुटून 1863 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया नावाने संघराज्यात आला. जकात सगळ्या राज्यांना एकच होती, राज्यांचे हक्कही सगळ्यांना सारखेच प्यारे असायला हवे होते. मग फुटीची रेघ गुलामांच्या संख्येप्रमाणे का हलते, याचे उत्तर प्रतिपक्षाकडून मला अजून मिळालेले नाही.

इथे एक दुसऱ्या टोकाची घाईही थांबवतो. आपल्याकडे सभेत जोश आला की ऊसतोड मजुरांची उचलही गुलामगिरीच, असे सरसकट म्हटले जाते. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, फिटता न फिटणारे कर्ज, यात वेठबिगारीचा अंश नक्कीच असू शकतो आणि त्यासाठी 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे, तो लावलाच पाहिजे. पण अमेरिकेतला गुलाम कर्जामुळे गुलाम नव्हता. त्याचे मूल आईच्या पोटातच मालकाची मत्ता होती. दोन अन्यायांना एक नाव दिले की दोन्हींवरचा इलाज चुकतो.

आता तो शेवटचा प्रश्न, आपला काय संबंध. बारामती तालुक्यात बसून हा प्रश्न विचारणाऱ्याने सुप्याचा इतिहास वाचलेला नाही.

युद्धापूर्वी ब्रिटनला लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत होता, म्हणजे गुलामांच्या हातून येत होता. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे कोंडली. 1861 मध्ये वीस लाखांहून अधिक गाठी ब्रिटनला गेल्या होत्या, 1862 मध्ये पंचावन्न हजार. लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या नावाने गाजलेला शेअरबाजार पेटला, बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि सावकाराचा हात दख्खनच्या खेड्यांपर्यंत सैल झाला. भीमथडी आणि इंदापूर हे काही वऱ्हाड-खानदेशासारखे कापसाचे मुलूख नव्हेत. कालवा यायच्या आधीचा हा कोरडा भाग, ज्वारी-बाजरीचा. पण भाव सगळ्याच मालाचे चढले होते, रेल्वेच्या कामांवर मजुरी होती, उधारी मागेल तेवढी मिळत होती.

आणि नेमक्या याच तेजीत जमीन महसुलाची फेरआकारणी आली. मुंबई इलाख्यातला पहिला तीस वर्षांचा सर्व्हे बंदोबस्त गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी केला तो इंदापुरात, 1836 साली. त्याची मुदत सर्वांत आधी संपली ती इंदापुरातच. 1867 मध्ये नवे दर बसवताना अधिकाऱ्यांपुढे होते ते युद्धकाळातले फुगलेले भाव. आकारणी चांगलीच चढली. कुठे दीडपट, कुठे त्याहूनही जास्त. तोपर्यंत एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे जनरल ली शरण आले होते, मुंबईचा बाजार कोसळला होता, आणि भाव खाली येत होते. सारा मात्र तेजीतला. तो रोखीने, ठरल्या तारखेला. सावकाराने हात आखडला. जुन्या कर्जाची मुदत 1859 च्या मुदतीच्या कायद्यात बसवायला दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हे लोण पसरले, साडेनऊशेच्या आसपास माणसे धरली गेली. लोकांनी माणसे मारण्यापेक्षा कागद मागितले. रोखे, खते, चोपड्या. दिल्या तर ठीक, न दिल्या तर घर पेटवायचे. दंगल कशावरून झाली हे ठरवायला सुप्याच्या दंगेखोरांची मते तपासत बसावे लागत नाही, त्यांनी जाळले काय ते पाहिले की पुरते. साउथ कॅरोलायनाचे निवेदन मी याच नजरेने वाचतो.

साउथ कॅरोलायनात तोफ डागली गेली आणि इंदापूरच्या शेतकऱ्याचा सारा वाढला, या दोन घटनांत फक्त सहा-सात वर्षे आहेत. आणि गुलामगिरी हा परक्यांचा विषय, असे म्हणणाऱ्यांनी पेशवाईतल्या पुण्यातल्या कुणबिणी आणि बटकी आठवाव्यात. त्यांची खरेदी-विक्री दप्तरात नोंदलेली आहे. हिंदुस्थानात गुलामाच्या मालकीला कायद्याचा आधार देणे इंग्रज सरकारने बंद केले ते 1843 मध्ये.

पुण्यात बसून जोतीराव फुल्यांना हा संबंध फार लवकर दिसला होता. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केले. यादवी संपून आठच वर्षे झाली होती. माझे जोतीरावांशी एका ठिकाणी जुळत नाही. त्यांनी उत्तरेला निःस्वार्थ म्हटले. उत्तर तशी नव्हती. तिला आधी संघराज्य हवे होते, मुक्ती तिच्या हातून युद्धाने करून घेतली. आणि ती करून घेण्यात गुलामांचा वाटा मोठा होता. सैन्य जवळ आले की ते मळे सोडून पळत होते, आणि सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे लोक उत्तरेच्या गणवेशात लढले. दक्षिणेने अगदी शेवटी, 1865 मध्ये, गुलामांच्या हाती बंदुका द्याव्यात का यावर वाद घातला, तेव्हा जॉर्जियाचे हॉवेल कॉब म्हणाले की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीविषयीचा आपला सगळा सिद्धांतच चुकला म्हणायचा. राज्य बुडत असतानाही त्यांना काळजी होती ती सिद्धांताची.

कारण चुकीचे ठरवले की पुढे काय होते, ते दोन्हीकडे झाले. अमेरिकेत 1877 नंतर केंद्राने दक्षिणेतून लक्ष काढले, काळ्यांची मते एकामागून एका राज्यात हिरावली गेली, आणि त्याच काळात हे युद्ध मुळात भावाभावांतले घटनेवरचे मतभेद होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत आणि चौकातल्या पुतळ्यांत मुरली. आपल्याकडे दख्खन दंग्यांचा आयोग बसला. त्याने सावकाराला धरले आणि सरकारी साऱ्याला मोकळे सोडले. ऑकलंड कॉल्विन या एका सदस्याने फेरआकारणीवर बोट ठेवून वेगळे टिपण लिहिले, ते अहवालाच्या कागदांत पडून राहिले. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्यामागचा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जदाराला कर्जापायी तुरुंगात टाकणे थांबवले. साऱ्याचा हप्ता मात्र पूर्वीसारखाच रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा राहिला, आणि तो भरायला रयत पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर जात राहिली.